चाकांचा वॉकर

चालताना दोन्ही हातांनी धरून पुढे ढकलायची, चाके बसवलेली आधाराची चौकट. वार्धक्य, सांध्यांची झीज, खुब्याचे किंवा गुडघ्याचे ऑपरेशन, कंपवात, फुप्फुसांचे जुनाट विकार अशा कारणांनी ज्यांचा तोल, ताकद किंवा दम अपुरा पडतो, त्यांना हे साधन उपयोगी पडते. जितकी चाके जास्त तितका वॉकर चांगला, असे खरेदीच्या वेळी अनेकांना वाटते. हा समज धोक्याचा आहे. चाके वाढली की वॉकर सहज पुढे सरकतो, पण त्यावर अंगाचा भार टाकणे तेवढेच असुरक्षित होते. म्हणून वापरणाऱ्याला हातांवर किती भार द्यावा लागतो, हा निवडीचा पहिला निकष होय. आसन, टोपली आणि किंमत यांचा विचार त्यानंतर करावा.

इतिहास : चार चाकांच्या वॉकरला रोलेटर म्हणतात. त्याची रचना स्वीडनमधील आयना वीफाल्क यांनी 1978 मध्ये केली. तरुणपणी पोलिओ झाल्याने त्यांना स्वतःलाच चालणे अवघड झाले होते. पुढे हे साधन युरोपभर आणि नंतर इतरत्र पसरले. दोन्ही हातांनी वापरायच्या चालण्याच्या साधनांसाठी आयएसओ 11199 हे आंतरराष्ट्रीय मानक असून त्याचा दुसरा भाग रोलेटरसाठी आहे.

प्रकार : (1) दोन चाकी : पुढच्या दोन पायांना चाके आणि मागच्या दोन पायांना रबरी बूट असतात. ढकलताना तो सरकतो आणि भार दिला की मागचे बूट जमिनीला धरतात. ॲल्युमिनियमच्या अशा वॉकरचे वजन साधारण 3 किग्रॅ. असते. (2) तीन चाकी : पुढे एक व मागे दोन चाके. अरुंद जागेत तो सहज वळतो, परंतु बाजूला कलंडण्याची शक्यता अधिक असते व बसायला आसन नसते. (3) चार चाकी किंवा रोलेटर : याला हाताचे ब्रेक, आसन आणि पिशवी किंवा टोपली असते. वजन बहुधा 6 ते 10 किग्रॅ. (4) विशेष प्रकार : कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेकवता येणारा वॉकर, जास्त वजनाच्या व्यक्तींसाठी रुंद व मजबूत वॉकर, तसेच मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी शरीराच्या मागे राहणारा वॉकर.

कोणाला कोणता : एका पायावर अजिबात भार द्यायचा नाही असे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर सहसा बिनचाकी चौकटच देतात. थोडा भार चालत असेल, पण हातांवर बराच जोर द्यावा लागत असेल, तर दोन चाकी वॉकर योग्य. ज्यांचे पाय भार घेतात, पण तोल किंचित जातो किंवा थोडे चालल्यावर थांबावे लागते, त्यांना रोलेटर मानवतो. फुप्फुसांचा जुनाट विकार असलेल्यांना पुढे झुकून हात टेकल्याने धाप कमी लागते आणि दमल्यावर बसता येते. कमरेच्या मणक्यात नसा दबल्याने चालताना पाय भरून येणाऱ्यांनाही किंचित वाकून चालल्याने आराम पडतो.

कंपवातात पावले आखूड व वेगवान होत जाऊन साधा रोलेटर रुग्णाच्या पुढे पळू शकतो. अशांसाठी उलट्या ब्रेकचे वॉकर मिळतात. दांडी दाबल्यावरच ते चालतात आणि हात सुटला की थांबतात. बोटांच्या संधिवातात मूठ आवळणे कठीण जाते, तेव्हा हात टेकवता येणारा वॉकर पाहावा. अर्धांगवायूने एक हात लुळा पडला असेल, तर दोन हातांचा वॉकर सरळ ढकलला जात नाही. अशा वेळी चार पायांची काठी अनेकदा अधिक सोयीची ठरते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला ब्रेक लावण्याची नवी सवय लागणे अवघड असते, त्यामुळे ब्रेक नसलेला दोन चाकी वॉकर तिच्या हाती बहुधा जास्त सुरक्षित असतो.

माप : व्यक्तीला नेहमीची पादत्राणे घालून ताठ उभे करावे, हात मोकळे सोडायला सांगावे आणि वॉकरची मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीवर आणावी. मूठ धरल्यावर कोपर सुमारे 15 ते 30 अंशांत वाकलेले असावे. मूठ फार खाली असेल तर पाठ वाकते. फार वर असेल तर खांदे चढतात आणि हातांचा जोर लागत नाही. घरात अनवाणी वावरणाऱ्याचे माप अनवाणीच घ्यावे. वॉकरवर लिहिलेली वजनक्षमता व्यक्तीच्या वजनापेक्षा जास्त असायलाच हवी. रोलेटरच्या आसनावर बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत.

ब्रेक व चाके : तारेच्या ब्रेकची दांडी मुठीकडे ओढली की वेग कमी होतो आणि खाली दाबली की चाके अडकून राहतात. या दोन्ही क्रिया दुकानातच त्या व्यक्तीकडून करवून घ्याव्यात. घरातील गुळगुळीत फरशीवर लहान चाके पुरतात. रस्त्यावर, पेव्हर ब्लॉकवर किंवा कोकणातल्या जांभ्याच्या पायवाटेवर 8 इंच व त्याहून मोठी चाके हवीत, कारण लहान चाक खाचेत अडकून वॉकर जागीच थबकतो आणि माणूस पुढे झोकांडतो.

घराची पाहणी : रोलेटरची रुंदी बहुधा 60 सेंमी.च्या आसपास किंवा अधिक असते. जुन्या चाळींत व लहान फ्लॅटमध्ये मोरी-संडासाचे दार त्याहून अरुंद असू शकते. म्हणून खरेदीपूर्वी प्रत्येक दाराची, पलंगाशेजारच्या वाटेची आणि वळणांची मोजणी करावी. उंबरठ्याला लहान उतार करावा किंवा तो काढावा. सतरंज्या व पायपुसणी उचलावीत, ओली फरशी लगेच पुसावी आणि संडासात भिंतीला पकडदांडा बसवावा. लुगडे, साडी किंवा धोतराचा घोळ चाकात जाऊ नये म्हणून वस्त्र घोट्याच्या वर राहील असे नेसावे.

वापर : दोन चाकी वॉकर आधी थोडा पुढे सरकवावा, मग दुखरा पाय टाकावा आणि शेवटी चांगला पाय. शरीर चौकटीच्या आत राहावे. वॉकर लांब ढकलून मागून चालू नये. खुर्चीतून उठताना खुर्चीचे हात दाबून उठावे, वॉकर ओढून नव्हे. रोलेटरवर बसण्यापूर्वी दोन्ही ब्रेक अडकवावेत आणि आसन पायांना मागून लागेपर्यंत मागे सरकावे. त्यावर बसलेल्या माणसाला कोणी ढकलत नेऊ नये. ती चाकांची खुर्ची नव्हे. कोणताही चाकांचा वॉकर जिन्यावर वापरू नये.

देखभाल : चाकांच्या आसाला गुंडाळलेले केस व धागे काढावेत. झिजलेले रबरी बूट बदलावेत. घडीचे खटके, स्क्रू आणि ब्रेकच्या तारा नियमित तपासाव्यात. पावसाळ्यात बाहेरून आल्यावर चाके पुसावीत.

उपलब्धता : कानपूर येथील भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगम (अलिम्को) ही केंद्र सरकारची संस्था चालण्याची साधने बनवते. 2017 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून गरजू ज्येष्ठांना वॉकरसह विविध साधने दिली जातात. महाराष्ट्र शासनाच्या 2024 मधील मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षे व त्यावरील पात्र नागरिकांना अशा साधनांसाठी 3,000 रुपयांचे साहाय्य मिळते. फुकट किंवा उसना मिळालेला वॉकरही मापाला जुळवल्याशिवाय वापरू नये.

निवड शक्यतो फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, प्रत्यक्ष चालून पाहून करावी आणि त्या वेळी वापरणाऱ्याचे मत आधी ऐकावे. मनाविरुद्ध घेतलेला वॉकर कोपऱ्यात पडून राहतो आणि ती व्यक्ती भिंती धरूनच चालत राहते. प्रकृतीनुसार गरजही बदलते : ऑपरेशननंतर ताकद आली की आधार कमी करता येतो, तर कंपवातासारख्या वाढत्या आजारात तो वाढवावा लागतो. त्यामुळे दर काही महिन्यांनी, तसेच एकदा जरी पडणे झाले तरी लगेच, वॉकरचा प्रकार व माप पुन्हा तपासून घ्यावे.