तळाची पट्टी

डिसेंबर अर्धा सरला की आमच्या पेठेतल्या वाण्याकडे सामानाची यादी संपता संपता एक विचारणा ठरलेली असते, "शेठ, यंदाचं कॅलेंडर?" शेठ गल्ल्यामागे हात घालतात. तिथे रबर लावलेल्या गुंडाळ्या उभ्या असतात. पहिला मान खातेदार घरांचा. "वहिनी, तुमचं बाजूला काढून ठेवलंय," असं म्हणून एक गुंडाळी पिशवीत वरच्या वर खोचली जाते. घरी आल्यावर ती उलटी गुंडाळून सरळ करायची. वर पत्र्याची बारीक पट्टी, तिच्या मधोमध अडकवायचा फासा, खाली कमळातली लक्ष्मी, लक्ष्मीखाली तारखा. अगदी तळाला दोन बोटं रुंदीची एक पट्टी असते आणि तिच्यात दुकानाचं नाव, पत्ता, फोन. जाहिरात म्हणाल तर तेवढीच.

गिऱ्हाईक स्वतःहून मागायला येतं आणि मिळाली नाही तर रुसतं, अशी दुसरी जाहिरात मला माहीत नाही. वर्तमानपत्रात जागा घेणं ज्याला कधी परवडलं नाही, त्या दुकानदाराने एका कागदाच्या मोलात वर्षभर लोकांच्या स्वयंपाकघरात जागा मिळवली. हे एका माणसाच्या डोक्यातून निघालेलं नाही. त्याचे धागे मुंबईपासून अमेरिकेतल्या एका खेड्यापर्यंत पसरले आहेत.

शब्दापासूनच सुरू करू. रोमन लोक महिन्याच्या पहिल्या दिवसाला 'कालेंडे' म्हणत. कर्जाचं व्याज त्या दिवशी द्यायचं असे. म्हणून सावकाराच्या हिशेबाच्या वहीला नाव पडलं 'कालेंडारियम'. आपण कॅलेंडर म्हणतो ते मुळात वहीचं नाव. आमच्याकडे तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने दुधाचा अर्धा लिटर, कामवाल्या बाईंचा खाडा आणि गॅसचं सिलिंडर लागल्याची खूण असते. त्या वहीचं काम अजून सुटलेलं नाही, एवढंच.

आपल्याकडे वर्षाचा हिशेब पंचांगात असे. ते सांगणार जोशीबुवा, तेही पाडव्याला दारी येऊन. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. त्या काळी छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातल्या घरांत छापील कागद चालत नसे. गणपत कृष्णाजींनी शाईला तूप वापरलं, आणि ज्या घरांनी छापखान्याचं तोंड पाहिलं नसतं, त्या घरांतही छापील पंचांग गेलं. मला हा माणूस फार मोठा वाटतो. गिऱ्हाइकाच्या मनातली अडचण ओळखून त्याने ती मालातच सोडवली. कॅलेंडरवाल्यांनी पुढे लक्ष्मी-विठोबाला हाताशी धरून जे साधलं, त्याची पहिली पायरी मी या तुपाच्या शाईत पाहतो.

दुकानदाराच्या नावाचं कॅलेंडर मात्र दुसऱ्या बाजूने आलं. अमेरिकेत आयोवा राज्यात रेड ओक नावाचं छोटं गाव आहे. तिथे एडमंड ऑसबॉर्न आणि थॉमस मर्फी हे दोघे तरुण एक स्थानिक वर्तमानपत्र चालवत. १८८९ साली गावात कोर्टाची नवी इमारत व्हायची होती. तिचं चित्र छापावं अशी त्यांची इच्छा होती, पण चित्राचा ठसा कोरून घेणं महाग होतं. तेव्हा त्यांनी मधोमध कोर्टाचं चित्र, भोवती गावातल्या दुकानदारांच्या छोट्या छोट्या जाहिराती आणि जोडीला तारखा असं कॅलेंडर काढलं. खर्च सगळ्यांत वाटला गेला. कॅलेंडरवर जाहिराती त्याआधीही येत, पण त्या बड्या कंपन्यांच्या. इथे चार पैशांचा दुकानदार शिरला. गावकऱ्यांना आपल्या गावची इमारत भिंतीवर हवी होती, ती त्यांना मिळाली, आणि तिच्या भोवतीचे शेजारी आपोआप घरात आले.

खरी युक्ती त्यानंतरची. चित्र एकच, हजारोंनी छापून ठेवायचं आणि तळाला जागा कोरी सोडायची. ज्या दुकानदाराची मागणी येईल त्याचं नाव मागाहून त्या कोऱ्या जागेत छापायचं. चित्राचा, रंगांचा, कागदाचा सगळा बोजा शेकडो दुकानांत विभागला जातो आणि एकट्याच्या वाट्याला येते फक्त नाव छापण्याची मजुरी. पुढे दोघे भागीदार वेगळे झाले, पण मर्फींची कॅलेंडरची कंपनी रेड ओकमध्येच वाढली. एकट्याला न पेलणारी वस्तू सगळ्यांनी मिळून पेलायची आणि तरी प्रत्येकाला ती स्वतःची वाटली पाहिजे, ही छोट्या धंद्याच्या बुद्धीची कमाल आहे.

आपल्याकडे हे तंत्र आलं तेव्हा भिंतीवर काय लावायचं, हा प्रश्न सुटलेला होता. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली चित्रशाळा काढली आणि देवादिकांची, पेशवाईतल्या पुरुषांची रंगीत चित्रं स्वस्तात घरोघर नेली. १८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना घातला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. एकेका रंगासाठी वेगळा दगड, त्यावरून एकावर एक रंग, आणि शेवटी ओल्या तेलरंगासारखी चमक. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकू दिलं जात नव्हतं, त्यांच्याही भिंतीवर त्या कागदावरून लक्ष्मी-सरस्वती आल्या. साबणवाल्या आणि बाळांच्या औषधांच्या कंपन्यांनी हे ओळखलं आणि देवांच्या चित्राखाली आपली नावं घातली. देवाचं चित्र म्हणजे सहजासहजी न फाडला जाणारा कागद.

मग कॅलेंडरच्या चित्रकारांची पिढी आली. गोव्यात जन्मलेले रघुवीर मुळगावकर, गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित, कोल्हापूरचे पी. सरदार. मुळगावकर फवाऱ्याने रंग चढवत, त्यामुळे त्यांच्या देवतांच्या गालावर कुंचल्याची रेघ दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. कलासमीक्षकांनी या माणसांकडे 'कॅलेंडर आर्ट' म्हणून नाक मुरडून पाहिलं. मला ते कधी पटलं नाही. मराठी माणसाच्या मनात राम कसा दिसतो आणि शिवाजीमहाराज घोड्यावर कसे बसतात, हे ज्यांनी ठरवलं त्यांत हे लोक आहेत, आणि त्यांना ती भिंत मिळवून दिली तळाशी नाव घालणाऱ्या किराणा-कापडवाल्यांनी.

छपाईचं केंद्र हळूहळू दक्षिणेला गेलं. तमिळनाडूतलं शिवकाशी हे पावसाने टाळलेलं गाव. १९२० च्या दशकात पी. अय्या नाडर आणि ए. षण्मुग नाडर कलकत्त्याला जाऊन काडेपेटीचा धंदा शिकून आले. काडेपेटी आली तशी तिच्यावरची रंगीत चिठ्ठी आली, चिठ्ठीसाठी छापखाने आले, आणि कोरड्या हवेत शाई झटपट वाळते म्हणून छापखाने वाढतच गेले. तिथे आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरांचे अल्बम निघतात. तो जाड अल्बम बगलेत मारून एजंट गावोगाव फिरतो. दुकानदार गिऱ्हाईक सांभाळत पानं उलटतो, गणपतीवर थांबतो, बायकोला बोलावून विचारतो आणि चित्राचा नंबर सांगतो. माल येतो तो तळाची पट्टी कोरी ठेवून.

ती पट्टी भरण्याचं काम मी लहानपणी आमच्या गल्लीतल्या छापखान्यात पाहिलं आहे. जुळारी उभ्यानेच खणांतून शिशाचे खिळे उचलायचा आणि डाव्या हातातल्या पट्टीत उलटे लावत जायचा. नावाला मोठा ठसा, पत्त्याला मधला, 'सर्व प्रकारचा माल योग्य भावात मिळेल' याला बारीक. मग ट्रेडल मशीनवर एक माणूस पायाने पाटा दाबायचा आणि हाताने कॅलेंडर सरकवायचा. दार मिटल्यासारखा आवाज व्हायचा आणि लक्ष्मीच्या पायाशी कापड दुकानाचं नाव ओलं उमटायचं. दोरीवर ओळीने वाळत घातलेल्या पन्नास लक्ष्म्या, सगळ्यांखाली तेच नाव. दुकानाचे मालक स्वतः येऊन दोरीखाली उभे राहिले होते. एकेका नावावरून नजर फिरवत ते शेवटपर्यंत चालत गेले, आणि एका ठिकाणी काना पुसट उमटला होता तो त्यांनी हलक्या आवाजात दाखवला.

१९७३ सालासाठी जयंत साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढलं आणि चित्राचा काळ पालटला. तिथी, व्रतं, सण, पानामागे लेख आणि पाककृती. पंचांगच भिंतीवर आलं, तेही विकत घ्यायचं. फुकटच्या कॅलेंडरला हा धक्का होता. पण तळाच्या पट्टीने इथेही जागा शोधली. पतपेढ्या, सराफ, औषधवाले अशा कॅलेंडरांच्या प्रती घाऊक घेतात, आपलं नाव घालतात आणि खातेदारांना वाटतात. एकट्या चित्राच्या बळावर आता फारसं निभत नाही, कारण घरात कॅलेंडर लावायला खिळा एकच असतो आणि त्या खिळ्यासाठी चार दुकानांत चुरस असते. शहाणा दुकानदार म्हणून गावच्या जत्रेची तारीख आणि आठवड्याचा बाजार स्वतःहून छापून घेतो. ते मुंबईच्या कुठल्याही छापील दिनदर्शिकेत मिळत नाही.

बार्शीला माझ्या मावशीच्या देवघरात एक लक्ष्मी आहे. जुन्या कॅलेंडरची, तारखा कापून काचेच्या चौकटीत बसवलेली. चौकटवाल्याने तळाची पट्टीही कापायला घेतली होती, मावशीने त्याचा हात धरला. ७२ च्या दुष्काळात त्या दुकानदाराने घरच्यांची उधारी एक महिनाही थांबवली नव्हती, म्हणून ते नाव राहू दे म्हणाली. ते दुकान मिटून बरीच वर्षं झाली. पट्टीवर तीन आकडी फोन नंबर अजून वाचता येतो. शुक्रवारी मावशी काचेवरून हळदकुंकू वाहते, थोडं घरंगळून नावापर्यंत जातं, आणि तिथलं ती पुसत नाही.