खंड (कुळाचा), ठाणे–कल्याण परिसर

कूळ जमीन कसण्याच्या मोबदल्यात मालकाला जे धान्य किंवा जी रोख रक्कम देते, तो खंड. ठाणे जिल्ह्याच्या भातपट्ट्यात तो पूर्वी भातातच ठरे : कोठे बांधून दिलेले मण, कोठे निम्मे पीक (अर्धेल). बोली तोंडी असे आणि माप खळ्यावर पडे. वाईट वर्षी सूट मागायची ती ज्याच्याकडून पावसाळ्यात खावटी (खाण्यापुरते उसने धान्य) उचलली त्याच मालकाकडे, त्यामुळे घासाघीस खावटीपाशीच संपे.

चळवळी : शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी गावच्या कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून सुमारे सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोतीविरोधी विधेयक मांडले. १९३९ मध्ये पहिला कूळकायदा झाला. जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव–डहाणूकडचे काही वारली तेथे आले होते, आणि पुढचा वेठबिगारीविरुद्धचा लढा तेथून सुरू झाला असे मानतात. त्याचे श्रेय बहुधा गोदावरी व शामराव परुळेकर यांना दिले जाते. त्या लढ्यात खंडापेक्षा वेठ आणि मजुरी हेच मुद्दे मोठे होते.

दर : १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने खंडाला पिकाच्या एकतृतीयांशाची, बागायतीत एकचतुर्थांशाची कमाल मर्यादा घातली. १९५६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने पीकवाटा गेला. आकाराच्या (जमिनीच्या शेतसाऱ्याच्या) पाचपट किंवा एकरी २० रुपये, यांपैकी कमी असेल ती कमाल मर्यादा. किमान आकाराच्या दुप्पट. म्हणजे एकरी आकार ३ रुपये असेल तर खंड ६ ते १५ रुपयांच्या आतच. दर मामलेदार ठरवी, त्यावर अपील प्रांताकडे, पुढे महसूल न्यायाधिकरणाकडे. सरकारने शेतसारा तहकूब किंवा माफ केला तर खंडालाही त्या प्रमाणात सूट मिळते (कलम १३). हा कुळाचा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे; बहुतेक कुळांना तो ठाऊक नसे.

शहरहद्द : १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळे जमिनीचे मालक मानली गेली आणि खंडाचा प्रश्न गावोगाव बहुतांशी मिटला. नगरपालिका हद्दीत मात्र कलम ४३क मुळे ती तरतूद लागू नव्हती. ठाणे, कल्याणच्या जुन्या हद्दीतले कूळ कूळच राहिले, खंडही चालू राहिला. हद्द नंतर वाढली (ठाणे महापालिका १९८२, कल्याण–डोंबिवली १९८३) तेथे जमीन १९५७ साली कोठे मोडत होती हे पाहावे लागते. यावर पुष्कळ दावे झाले आहेत. जमिनीला इमारतीचा भाव आल्यावर खंड किती हा वाद मागे पडला. कूळ आहे की नाही, हाच वाद उरला.

सद्यस्थिती : सातबारावर कूळ लागेल या धास्तीने मालक जमीन कसायला देताना लेखी करार टाळतात.

पावती : खंडाची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे (कलम २६). मालकाने खंड घेण्यास नकार दिल्यास तो मनिऑर्डरने पाठवून पोच जपण्याची रीत होती. ‘कूळ नाही’ म्हणून आलेल्या दाव्यात पीकपाहणीच्या उताऱ्यांबरोबर हेच कागद पुढे केले जात.