काळीज, एक नीला आणि अर्ध्या शतकाचा वाद

माणगावच्या बाजारात मटणवाल्याकडे काळीज मागितले, तर तो हृदय देत नाही, यकृत देतो. कवी काहीही म्हणोत, मटणवाल्याचे शरीरशास्त्र पक्के असते! वर्गात दाखवायचे असल्यास ते नळ्यांसकट मागून घ्यावे. खालच्या बाजूला, पित्तनलिकेशेजारी, दोन रक्तवाहिन्या आत शिरतात : एक बारीक रोहिणी आणि एक रुंद, मऊ नीला. ही प्रवेशिका नीला आतडी, स्वादुपिंड व प्लीहा यांच्याकडून आलेले रक्त यकृतात आणते. माणसात यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त तिच्यातूनच येते.

ही वाट अडवली तर? 1877 मध्ये निकोलाय एक (हे त्याचे आडनाव!) या रशियन लष्करी शल्यचिकित्सकाने कुत्र्यांमध्ये ही नीला यकृताला वळसा घालून थेट महानीलेला जोडली. आठांपैकी एकच कुत्रा तगला आणि तोही पुढे पळून गेला. नेमकी गोष्ट दिसली ती 1920 मध्ये. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस व लॅरिमोर यांनी सशाच्या यकृताच्या मोठ्या भागाकडे जाणारी प्रवेशिकेची शाखा बांधून टाकली. रोहिणी चालू असल्याने तो भाग मेला नाही, पण हळूहळू वाळत गेला. सारे रक्त ज्या उरलेल्या भागाकडे वळले, तो मात्र वाढत गेला.

का? मेयो क्लिनिकच्या फ्रँक मान यांना वाटे, वाढ रक्ताच्या प्रमाणावर ठरते. 1960 च्या दशकात डेन्व्हरला टॉमस स्टार्झल यांच्या गटाने हे ताडून पाहिले. कुत्र्याच्या यकृताच्या एका भागाला प्रवेशिकेचे रक्त, दुसऱ्याला शरीराच्या मागच्या भागातून परतणारे रक्त दिले. रक्त दोघांनाही भरपूर होते, तरी दुसरा भाग खंगला. म्हणजे प्रश्न किती रक्त एवढाच नव्हता, कोणते रक्त हाही होता. पुढे 1970 च्या दशकात त्या रक्तातला एक महत्त्वाचा घटक हाती लागला : स्वादुपिंडाचे इन्शुलिन.

सशाचा तो प्रयोग माणसाच्या उपयोगी पडायला साठेक वर्षे लागली. कर्करोगामुळे यकृताचा मोठा भाग काढायचा, पण उरेल तो तुकडा पुरणार नाही, अशा रुग्णांत 1980 च्या दशकात जपानी शल्यचिकित्सकांनी रोगट बाजूची शाखा आधीच बंद करायला सुरुवात केली. काही आठवडे थांबायचे, निरोगी बाजू वाढू द्यायची, मग शस्त्रक्रिया.

मान मात्र अगदीच चुकले नव्हते. आपल्याकडे बहुतेक यकृतरोपणांत जिवंत नातेवाइकाच्या यकृताचा तुकडा वापरतात. नोव्हेंबर 1998 मध्ये दिल्लीत एका वडिलांनी आपल्या वीस महिन्यांच्या मुलाला असा तुकडा दिला. मोठ्या माणसात तुकडा लहान पडला, तर प्रवेशिकेचा सगळा लोंढा त्याच्यावर कोसळतो, आतल्या सूक्ष्म वाहिन्यांचे अस्तर फाटते आणि तुकडा वाढण्याऐवजी निकामी होऊ लागतो. तिथे रक्त कमी करणे हाच उपाय ठरतो. त्यासाठी प्लीहेची रोहिणी बांधतात, म्हणजे प्लीहेकडून येणारा प्रवाह घटतो. ती बांधायची की नाही, हे प्रवेशिकेतला दाब टेबलावरच मोजून ठरवतात.