रूनस्केप आणि समतोलाचा प्रश्न

'रूनस्केप' हा अनेकांनी एकत्र खेळायचा ब्राउझर-खेळ ४ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. अँड्र्यू गोवर याने भाऊ पॉल याच्या मदतीने तो नॉटिंगहॅममध्ये आईवडिलांच्या घरी उभारला. खेळ जावात लिहिलेला असल्याने वेगळा प्रोग्रॅम उतरवून घ्यावा लागत नसे.

लढाईतला समतोल २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीत घट्ट झाला. तलवारवाला तिरंदाजाला भारी, तिरंदाज जादूगाराला आणि जादूगार तलवारवाल्याला. सर्व्हर दर ०.६ सेकंदाला एकदाच सगळ्यांचा हिशेब करी, त्यामुळे प्रत्येक शस्त्राचा वेग त्याच पटीत बांधलेला होता.

खरी डोकेदुखी ठरला तो बाजार. २००१ च्या नाताळात खेळात फटाके वाटले गेले. दोघांनी मिळून फटाका ओढायचा, आतली कागदी टोपी एकाला मिळायची. तेव्हा तिला फारशी किंमत नव्हती. पण पुन्हा न वाटल्याने तिचा भाव चढत गेला आणि अखेर एका वेळी जवळ ठेवता येणाऱ्या २,१४,७४,८३,६४७ नाण्यांच्या मर्यादेलाही ओलांडून गेला.

नाण्यांना मोल आले तशी ती खऱ्या पैशांत विकणारी मंडळीही आली. चोरीच्या क्रेडिट कार्डांवर सदस्यत्व घेऊन ती नाणी जमवत आणि बँकांच्या तक्रारी खेळ चालवणाऱ्या जॅगेक्स कंपनीकडे येत. डिसेंबर २००७ मध्ये कंपनीने 'वाइल्डरनेस' या रानातली खेळाडूंची आपापसातली खुली लढाई बंद केली आणि लगोलग देवघेवीवरही बंधन आणले: दोन्ही बाजूंचा माल साधारण सारख्याच किमतीचा हवा. चोर रोखले गेले, पण मित्राला सढळ हाताने भेट देणेही बंद झाले. रोगापेक्षा औषध जहाल, अशीच ही गत होती. पुढे घेतलेल्या मतदानात सुमारे १२ लाख मते पडली, नव्वद टक्क्यांहून अधिक जुन्या पद्धतीच्या बाजूने. १ फेब्रुवारी २०११ रोजी दोन्ही गोष्टी परत आल्या.

एवढ्यावर धडा घेतला गेला असे नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये लढाईची पद्धत मुळापासून बदलली आणि अनेक जुने खेळाडू निघून गेले. सुदैवाने ऑगस्ट २००७ मधली खेळाची एक प्रत जपलेली होती. साडेचार लाखांच्या आसपास मते पडल्यावर २२ फेब्रुवारी २०१३ रोजी तीच 'ओल्ड स्कूल रूनस्केप' म्हणून खुली झाली.

या आवृत्तीत नवी भर घालण्याआधी खेळाडूंचा कौल घेण्याची प्रथा पडली. मंजुरीला ७५ टक्के मते लागत. रानातल्या लढाईचे प्रस्ताव मात्र वारंवार पडत, कारण मतदारांत तिकडे न फिरकणारेच जास्त. २०२२ मध्ये ही अट ७० टक्क्यांवर आणली गेली.