मेकॅनिकल ठेकेदार कोण असतात, त्यांच्या संघटना काय करतात आणि त्यांची बिलं का अडकतात?

नगर जिल्ह्यात साधारण मार्च-एप्रिलपर्यंत उसाचं गाळप संपतं. ऊसतोड टोळ्या गावी परततात आणि कारखान्याच्या आत वेगळीच माणसं कामाला लागतात. मिलचे रोलर बाहेर काढले जातात, बॉयलरच्या ट्यूब तपासल्या जातात, पंप उघडले जातात, गंजलेली पाइपलाइन कापून नवी जोडली जाते. कारखान्याच्या भाषेत याला 'ऑफ सीझन'चं काम म्हणतात. फिटर, वेल्डर आणि खलाशी घेऊन यातलं बरंचसं काम अंगावर घेणारा माणूस म्हणजे मेकॅनिकल ठेकेदार.

बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख ठरली की त्याची घाई सुरू होते, कारण ती तारीख पुढे ढकलता येत नाही. बिलाच्या तारखेला मात्र असा कुठला मुहूर्त नसतो. गेल्या काही वर्षांत राज्यभर ठेकेदारांच्या संघटना रस्त्यावर का उतरल्या, हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागेल.

मेकॅनिकल ठेकेदार नक्की कोण?

इमारत बांधतो तो सिव्हिल ठेकेदार. वायरिंग करतो तो इलेक्ट्रिकल ठेकेदार, आणि त्याला सरकारी परवाना लागतो. या दोघांमध्ये जे काही हलतं, वाहतं, तापतं किंवा गार होतं, ते बहुतेक मेकॅनिकल ठेकेदाराकडे येतं. पाणी उपसणारे पंप, वाफेच्या लाइन, एसी आणि त्याचे डक्ट, कोल्ड स्टोरेज, हॉस्पिटलमधली ऑक्सिजनची पाइपलाइन, आग विझवण्याची लाइन आणि स्प्रिंकलर, लिफ्ट, क्रेन, टाक्या, शेडचं फॅब्रिकेशन. यादी लांब आहे, म्हणून एकाच माणसाला हे सगळं येतं असं नाही. पंपवाल्याला डक्ट येत नाही आणि डक्टवाला बॉयलरला हात लावत नाही.

लावूही नये. बॉयलर दुरुस्त करायला आणि उभारायला वेगळी मान्यता लागते. राज्याचं बाष्पके संचालनालय ती देतं आणि बॉयलरवर काम करणारा वेल्डरही परीक्षा देऊन प्रमाणित झालेला असावा लागतो. या क्षेत्राचा मूळ कायदा १९२३ सालचा होता, त्याच्या जागी आता बॉयलर कायदा २०२५ आला आहे. आग विझवण्याच्या यंत्रणेचंही तसंच. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार हे काम परवानाधारक एजन्सीनेच करायचं असतं आणि यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. तुमच्या सोसायटीत किंवा मुलांच्या क्लासच्या इमारतीत ते शेवटचं कधी दिलं, हे सहज विचारून बघण्यासारखं आहे.

नगर जिल्ह्यातच ही चर्चा का?

कारण या एका जिल्ह्यात मेकॅनिकल कामाचे जवळपास सगळे प्रकार सापडतात. (शहर आणि जिल्ह्याचं अधिकृत नाव ऑक्टोबर २०२४ पासून अहिल्यानगर झालं. जुन्या करारांवर आणि बिलांवर अर्थातच अहमदनगर आहे.) प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. त्यानंतर जिल्ह्यात कारखान्यांची रांगच लागली आणि त्यांच्याभोवती फिटर-वेल्डरांची एक अख्खी जमात तयार झाली. शहरात कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना तयार होत होती. नागापूर एमआयडीसीत मोठ्या कंपन्यांभोवती छोटे कारखाने वाढले. पुणे रस्त्यावर सुप्याला नवी औद्योगिक वसाहत झाली आणि तिथे कॅरियर मिडियाचा एसीचा कारखाना आला. शिवाय लष्कर आहेच. आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र, रणगाडे आणि वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई. लष्करी भागातली बांधकामं आणि दुरुस्त्या एमईएस, म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, काढतं आणि त्यात 'ई अँड एम' हा इलेक्ट्रिकल-मेकॅनिकल कामांचा वेगळा भाग असतो.

संघटना कशासाठी लागते?

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत वाफेची आणि गरम पाण्याची लाइन टाकणाऱ्या ठेकेदारांनी १८८९ मध्ये संघटना काढली, तीच आजची मेकॅनिकल कॉन्ट्रॅक्टर्स असोसिएशन ऑफ अमेरिका. आपल्याकडे बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया १९४१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि ती सुरू करणारे होते एमईएसची कामं करणारे मोजके ठेकेदार. म्हणजे आज देशभर पसरलेल्या या संघटनेचं मूळ पुण्यातल्या लष्करी कामांच्या ठेकेदारांत आहे.

महाराष्ट्रातले मेकॅनिकल ठेकेदार मात्र एका छताखाली नाहीत. एसीवाल्यांची मुंबईत 'राटा' आहे. 'इशरे' ही १९८१ पासूनची संस्था आहे, पण ती ठेकेदारांची नसून एसी आणि रेफ्रिजरेशनमधल्या अभियंत्यांची आहे. प्लंबिंगवाल्यांची इंडियन प्लंबिंग असोसिएशन वेगळी. सरकारी काम करणारे जिल्ह्याच्या कंत्राटदार संघटनेत असतात, तर एमआयडीसीत शेड असलेला माणूस नगरच्या 'आमी'सारख्या उद्योजक संघटनेकडे वळतो. बिलं थकली की हे सगळे एकत्र येतात. एरवी एकमेकांच्या विरोधात निविदा भरत असतात.

संघटनेचं रोजचं काम दिसायला साधं असतं. नवा शासन निर्णय आला की त्याचा अर्थ सभासदांना सांगायचा, निविदेत जाचक अट असेल तर कार्यकारी अभियंत्यांना निवेदन द्यायचं, लोखंडाचे किंवा तांब्याचे भाव वाढले की दरसूची बदलण्याची मागणी करायची. वेल्डर आणि टेक्निशियनचं प्रशिक्षण हे यातलं सगळ्यात दुर्लक्षित काम. आर-२२ गॅस वापरणारी नवी यंत्रं तयार करणं देशात १ जानेवारी २०२५ पासून बंद झालं आहे. बाजारात येणारे काही नवे गॅस पेट घेणारे आहेत. गॅस भरताना जुन्या सवयीने टॉर्च पेटवणाऱ्या मुलाला हे कुणीतरी शिकवावं लागतं.

प्रशिक्षणाचं महत्त्व राज्याने २०२१ मध्ये पाहिलं. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, पुरवठ्याचा दाब पडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. दोनच दिवसांनी विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, ती एसी यंत्रणेतून सुरू झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. आणि ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड अतिदक्षता विभाग पेटला. ११ जणांचा मृत्यू झाला. या तिन्ही घटनांची कारणं आणि जबाबदाऱ्या वेगवेगळ्या आहेत. पण ऑक्सिजनची लाइन, एसी आणि अग्निशमन ही तिन्ही मेकॅनिकल ठेकेदाराचीच कामं, आणि देखभालीचा करार सगळ्यात स्वस्त निविदेला जातो हेही खरं.

संघटना एक गोष्ट करू शकत नाही. 'यापेक्षा कमी दराने कुणी निविदा भरायची नाही' असा ठराव. स्पर्धा कायदा २००२ मध्ये ही दरनिश्चिती ठरते आणि स्पर्धा आयोगाने अशा कारणांवरून व्यापारी संघटनांना दंड केलेला आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गंमत म्हणून टाकलेला दराचा मेसेजही पुरावा ठरू शकतो.

बिल नेमकं कुठे अडकतं?

सरकारी कामाचा प्रवास असा असतो: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, काम, मग मोजमाप पुस्तिकेत नोंद, मग बिल. इथपर्यंत सगळं अभियंत्याच्या हातात असतं. पुढे त्या लेखाशीर्षाखाली निधी आला तरच पैसे निघतात. मंजूर झालेली कामं जास्त आणि आलेला निधी कमी असला की बिलं साचत जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यातल्या कंत्राटदार संघटनांनी काम बंद आंदोलन केलं तेव्हा सर्व खात्यांची मिळून थकबाकी ९० हजार कोटींच्या आसपास असल्याचा त्यांचा दावा होता.

जलजीवन मिशनमध्ये हे जास्त ठळक झालं. ही योजना १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाली. महाराष्ट्रात तिचा खर्च केंद्र आणि राज्याने निम्मा-निम्मा करायचा आहे. मुदत २०२४ ची होती, ती २०२५ च्या अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवली गेली. गावोगावच्या ठेकेदाराने मात्र पाइप आणि पंप मुदतवाढीची वाट न बघता रोखीने किंवा उधारीने आणलेले होते.

जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण ठेकेदाराने आत्महत्या केली. जलजीवनच्या कामाचे सुमारे १ कोटी ४० लाख रुपये अडकल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. त्यावर सरकारकडून उत्तर आलं की काम त्याच्या नावावर नव्हतं, तो उपठेकेदार असावा. मेकॅनिकल ठेकेदाराच्या अडचणीचं मर्म या उत्तरात आहे. मोठं काम सिव्हिल ठेकेदाराच्या नावावर निघतं, पंप बसवणारा किंवा लाइन टाकणारा त्याच्या हाताखाली असतो आणि सरकारी कागदावर त्याचं नाव कुठेच नसतं. मुख्य ठेकेदाराला पैसे आले नाहीत म्हणून याला नाहीत, आणि आले तरी याचा नंबर शेवटचा.

खासगी कामात आणखी एक गाठ बसते. १० लाखांचं बिल दिलं की त्यावर १८ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार, जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा. समोरच्याने पैसे दिलेत की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. सरकारी बांधकाम कामांवरचा दरही १८ जुलै २०२२ पासून १२ वरून १८ टक्के झाला.

कायदा काय देतो?

सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ हा यातला मोठा आधार. सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत द्यायचे आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक दर ६ टक्के धरला तर १० लाखांवर वर्षाला सुमारे १ लाख ९६ हजार. तक्रार 'समाधान' पोर्टलवर करता येते, ती सुलभीकरण परिषदेकडे जाते, आणि निकाल विरुद्ध गेला तर देणेकऱ्याला ७५ टक्के रक्कम भरल्याशिवाय त्याला आव्हान देता येत नाही.

ऐकायला भक्कम आहे. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्टर्लिंग अँड विल्सनच्या प्रकरणात आणि २०२१ मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात असं धरलं की माल आणि मजुरी एकत्र असलेलं 'वर्क्स कॉन्ट्रॅक्ट' या कायद्याच्या तरतुदींत बसत नाही. मेकॅनिकल ठेकेदाराचं काम बहुतेक वेळा नेमकं तेच असतं, पाइपही त्याचा आणि वेल्डिंगही त्याचं. म्हणून जाणकार ठेकेदार शक्य असेल तिथे मालाची ऑर्डर वेगळी आणि उभारणीची वेगळी घेतात. देणारा तयार असेल तरच हे जमतं, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा आधार आयकराचा. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, कलम ४३ब (एच) नुसार, सूक्ष्म-लघू उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. कंपन्यांवर आणि कारखान्यांवर याचा दबाव येतो. सरकारी खात्याला आयकरच नाही, त्यामुळे तिथे याचा काडीचा उपयोग नाही. तसंच 'ट्रेड्स'चं. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना या बिल वटवण्याच्या व्यवस्थेवर नोंदणी सक्तीची आहे. सहकारी साखर कारखाना मात्र कंपनी नाही, म्हणून ती सक्ती त्याला लागू होत नाही. नगर जिल्ह्यात हा फरक छोटा नाही.

या सगळ्याला लागणारी 'उद्यम' नोंदणी मोफत आहे, पण ती काम घेण्याआधी केलेली असावी लागते. आधीच्या कामासाठी नंतर काढलेली नोंदणी चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ च्या निकालांत म्हटलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये याच मुद्द्यावर न्यायालयाने प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवलं. उपठेकेदारासाठी मुख्य ठेकेदाराची लेखी ऑर्डर, माल पोचल्याची सही असलेली चलनं आणि साइटवर संयुक्तपणे घेतलेलं मोजमाप हेच कागद पुढे कामाला येतात. संघटनेच्या कार्यालयात बिल अडकल्याची तक्रार घेऊन येणाऱ्याला पहिला प्रश्न याच तीन कागदांचा विचारला जातो.