हजेरी

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीत चार चोऱ्या झाल्या. दोन घरं फुटली, कामावरून परतणाऱ्या एका बाईचं मंगळसूत्र तोडलं, आणि माझी सायकल गेली. सायकलीचं दुःख मोठं करून सांगत नाही, पण सूतगिरणी सहा किलोमीटर लांब आहे आणि रोज पायी गेल्यावर राग येतोच.

रविवारी विहारात मिटिंग भरली. बायका तावातावानं बोलल्या आणि त्यांचं खरंच होतं. खांबावर दिवे नाहीत, रात्रीची गस्त नाही, चौकीत गेलं तर तक्रार लिहून घ्यायला तीन तास. मग कुणीतरी म्हणालं, रुळापलीकडच्या पालांतली पोरंच असणार, जातच ती. अर्ज करायचं ठरलं : पालं उठवा. लिहायला मला बसवलं. मी कविता करतो म्हंजे माझं अक्षर चांगलं, असा समज आहे. आणि मी लिहिलं. वर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली मी 'जातच ती' लिहितोय. जरा सभ्य शब्दांत, एवढंच.

रात्री झोप लागेना. मग जे मिळेल ते वाचत गेलो.

माझ्या अर्जातलं वाक्य सरकारनं १८७१ सालीच लिहून ठेवलंय. गुन्हेगार जमाती कायदा. साहेबांची दलील अशी, की या देशात सुताराचा पोरगा सुतार होतो, तर चोराचा पोरगा चोरच होणार. ही अक्कल साहेबानं विलायतेहून आणली नव्हती, इथंच आयती मिळाली. कायदा आधी उत्तरेत लागू झाला, १९११ च्या नव्या कायद्यानं मुंबई इलाख्यातही आला. सरकारनं जाहीर केलं की अख्खी जमात गुन्हेगार, कोर्टात दाद मागायची सोय नाही. नाव रजिस्टरात, बोटांचे ठसे, बाहेर जायचं तर पास. १८९७ च्या दुरुस्तीनं तर लेकरं आईबापांपासून तोडून वेगळी ठेवायची मुभा दिली होती.

आणि सेटलमेंट. हुबळी, गदग, विजापूर, बारामती, आणि आमचं सोलापूर. कैकाडी, टकारी, पारधी, मांग गारुडी, अशी माणसं तारेच्या कुंपणात घातली. आमच्या गावात सेटलमेंट हे नाव अजून चालतं, रिक्षावाल्याला सांगितलं की नेऊन सोडतो. नावाच्या पोटात काय आहे ते मी कधी विचारलं नव्हतं.

आता गिरणीवाला म्हणून बोलतो. सोलापूरच्या गिरण्यांना मजूर पाहिजे होता. तारेतली माणसं भोंग्याला गिरणीत जायची, सुटली की परत तारेच्या आत, मग हजेरी. दिवसा कामगार, रात्री गुन्हेगार, माणूस तोच! काम सोडून पळून जाता येत नाही असा कामगार मालकाला आणखी कुठं मिळणार? कामगार चळवळीच्या कितीतरी गोष्टी मी ऐकल्यात. तारेतला कामगार त्यांत एकदाही आला नाही.

या सेटलमेंटांवरचा अधिकारी स्टार्ट नावाचा साहेब. १९२८ साली मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासींच्या हालाची चौकशी करायला कमिटी नेमली, तिचा अध्यक्ष हाच. आणि त्या कमिटीत बाबासाहेब सभासद होते. पुढं १९४८ च्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी गुन्हेगार जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य यांना एकत्र उभं केलं, आणि असे वर्ग निर्माण करणाऱ्या संस्कृतीलाच जाब विचारला. आपण त्यातला आपल्यापुरता तिसरा हिस्सा उचलून घेतलाय.

३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण १९५९ साली मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. कागदावर जात नाही, ज्याचा त्याचा गुन्हा मोजायचा. चौकीतल्या माणसाच्या डोक्यातलं रजिस्टर मात्र जुनंच राहिलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाला निकालात सांगावं लागलं, की तुरुंगात जातीवर कामं वाटू नका आणि विमुक्तांना जन्मानं सराईत गुन्हेगार धरू नका. १८७१ पासून मोजा, १५३ वर्षं होतात.

माझ्या शेजारच्या मशीनवरच्या पोराची आजी सेटलमेंटात जन्मली. ऐंशी पार केलेली. मी विचारलं, आजी, काय आठवतंय? म्हणाली, "हजेरीला उशीर झाला की आई मला काखेत मारून पळायची. तिच्या छातीची धडधड आठवती बग." थोडं थांबून म्हणाली, "तुजी सायकल गावली का रं?"

नाही गावली. अर्ज माझ्याकडंच आहे. पालांची ओळ खोडलीय. दिवे, गस्त, तक्रारीची पावती, हे ठेवलंय. येत्या रविवारी विहारात वाचायचाय. चौघंजण आत्ताच माझ्याशी बोलायचे बंद झालेत, त्यात ज्यांचं घर फुटलं तो काकाही आहे.