शेताखालून वाहणारे खत

पिकाला वरखत दिले, पीक आले, धान्य घरात येऊन पडले, की खताचा हिशेब आपण मिटवून टाकतो. इतक्या गोण्या घातल्या, इतकी पोती झाली. नफा-तोटा काय तो कळला. पण पिकाने जे खत घेतले नाही ते गेले कोठे? हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. ज्या एका शेतात तो वर्षानुवर्षे नेटाने विचारला गेला, त्या शेताची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे. मी इतिहासाचा मास्तर. खत किती घालावे हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. ते तुमच्या गावचे कृषी सहायक सांगतील. पण खताचा हिशेब करायला माणूस कसा शिकला, हा तर इतिहासच आहे.

लंडनच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर हार्पेन्डन नावाचे गाव आहे. तेथील रॉथमस्टेडच्या जमिनीचा मालक जॉन बेनेट लॉज याने १८४२ मध्ये सुपर फॉस्फेट तयार करण्याचे पेटंट घेतले. म्हणजे माणूस खताचा कारखानदार. असा माणूस आपल्या मालाची नुसती जाहिरात करील असे आपल्याला वाटेल. पण लॉजने पुढच्याच वर्षी जोसेफ हेन्री गिल्बर्ट नावाचा रसायनज्ञ जोडीला घेतला आणि ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गव्हाचा प्रयोग मांडला. शेताचे लांब पट्टे पाडले. एकाला काहीच खत नाही, एकाला शेणखत, बाकीच्यांना निरनिराळे क्षार. १८४३ च्या हिवाळ्यापूर्वी पेरलेला तो प्रयोग आजही चालू आहे. लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी मिळून ५७ वर्षे काम केले. एवढा काळ आपल्याकडे भावाभावांची शेतीसुद्धा एकत्र राहत नाही!

१८४९ मध्ये या प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध, जमिनीखालून, निचऱ्यासाठी भाजलेल्या मातीच्या नळ्या घातल्या होत्या. नळीचे तोंड चरात उघडे. पुढे १८६० नंतरच्या वर्षांत त्या तोंडाशी बाटल्या धरून पाणी गोळा केले गेले आणि ते तपासले ऑगस्टस फेल्कर या जर्मनीत जन्मलेल्या रसायनज्ञाने. निष्कर्ष मोठा चमत्कारिक निघाला. स्फुरद आणि पालाश मातीने बहुतेक सगळे धरून ठेवले होते. नत्र मात्र नायट्रेटच्या रूपाने पाण्यातून चालले होते. आणि ज्या पट्ट्याला नत्र जास्त, त्याच्या पाण्यात नायट्रेटही जास्त.

गंमत अशी, की शेतात घातले होते ते अमोनियाचे क्षार. अमोनियाला माती धरून ठेवते, हे १८५० च्या सुमारास ठाऊक झाले होते. मग हे नायट्रेट आले कोठून? त्याचे उत्तर १८७७ मध्ये फ्रान्सात श्लोसिंग आणि म्युन्त्झ यांनी दिले. मातीतले सूक्ष्म जीव अमोनियाचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेटला माती धरीत नाही. मुळे तेथे हजर असली तर ते उचलतात. नसली तर ते पाण्याबरोबर खाली जाते.

या ‘हजर असली तर’ या तीन शब्दांत सगळे आले. ब्रॉडबाल्कमध्ये आधी खत शरद ऋतूत, पेरणीच्या सुमारास देत. त्यानंतर तिकडचा हिवाळी पाऊस. गहू अजून बोटभर. नत्र मुळांना मिळण्याआधीच नळीतून बाहेर. हे आकड्यांनी दिसले, तेव्हा १८७० च्या दशकाच्या अखेरीस बहुतेक पट्ट्यांचे नत्र वसंत ऋतूत देऊ लागले. खत तेच, गहू तोच. फक्त वेळ बदलली.

१८७० मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट केली. न हलवलेल्या मातीचे तीन चौकोनी ठोकळे, २०, ४० आणि ६० इंच खोलीचे, विटांनी बांधून काढले आणि खालून झिरपणारे पाणी मोजू लागले. वर पीक नाही, खताचा कणही नाही. तरी त्या पाण्यातून वर्षानुवर्षे नायट्रेट येत राहिले. ते मातीतल्या जुन्या सेंद्रिय अंशाचे होते. म्हणजे रान उघडे पडले की ते गोणीवाचूनही गळते.

आता फेरपालटीकडे वळू. त्याच रॉथमस्टेडला ॲग्डेल नावाच्या शेतात १८४८ पासून चार वर्षांची फेरपालट चालू होती : सलगम, बार्ली, मग क्लोव्हर किंवा पडीक, आणि शेवटी गहू. क्लोव्हर म्हणजे आपल्या मेथीघास-बरसीमच्या जातीचे द्विदल. येथे खत चार वर्षांतून एकदाच, सलगमाला द्यायचे. मग त्या खताचा जमाखर्च सलगमाच्या नावावर कसा मिटवणार? चारही पिके एका खात्यावर घ्यावी लागली.

या खात्यात एक आकडा जुळेना. क्लोव्हर आले की नत्र जमेला जास्त दिसे. लॉज-गिल्बर्टांनी १८५७ पासून मोठ्या कसोशीने प्रयोग केले होते आणि झाड हवेतले नत्र घेत नाही असे ठरवले होते. पण त्यांनी माती इतकी भाजून घेतली होती, की गाठींतले जीवाणूच मेले! १८८६ मध्ये हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी जर्मनीत खरा प्रकार दाखवला. अतिस्वच्छता कधी कधी अशी नडते.

फेल्करचा मुलगा जॉन ऑगस्टस फेल्कर १८८९ च्या अखेरीस हिंदुस्थानात आला, वर्षभर देशभर हिंडला आणि १८९३ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. साहेब शिकवायला आले होते. पण येथल्या रयतेला मिश्रपीक आणि फेरपालट उत्तम कळते, असे त्याने स्वच्छ लिहिले. शेण चुलीत जाते याचे त्याला वाईट वाटले आणि जळणासाठी राखीव वने करा, असे त्याने सुचवले.

आपल्याकडे याला शब्दच आहे : बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, असे म्हातारी माणसे सांगत. मागच्या पिकाने पुढच्याला काय ठेवले, याचा तो तोंडी हिशेब. पण बेवड फक्त पिकापुरता बोलतो. पाण्याचे तो काही सांगत नाही. द्विदलाचे रान नांगरून उघडे टाकले, तर त्याचे नत्रही नायट्रेट होऊन खाली जाते. वनस्पतीने कमावलेले नत्र पवित्र आणि गोणीतले अपवित्र, असा भेद पाणी करीत नाही.

आपला घातकाळ तर इंग्लंडच्या उलटा. रान उन्हाळाभर तापते, आणि मृगाच्या पावसाने ओले होताच मातीत एकदम नायट्रेट तयार होते. तेव्हा मुळे कोठे असतात? पेरणीबरोबर सगळा युरिया टाकला आणि मागून झड लागली, तर तोही त्याच वाटेने जातो. म्हणून तो विभागून देतात. सोयाबीनच्या ओळींत तूर असली, तर तिची मुळे खोल जाऊन निसटलेले काही परत उचलतात. आणि काळ्या रानात पाणी तुंबले, तर नायट्रेटचा वायू होतो. त्यातला नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या मानाने, वजनास वजन, सुमारे पावणेतीनशे पट उष्णता वाढवणारा आहे.

थोडे गणित करू. युरियात ४६ टक्के नत्र. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो. समजा सोयाबीनच्या रानात एकरी अडीच गोण्या देऊन १४ क्विंटल गहू झाला. क्विंटलभर दाण्यात सुमारे २ किलो नत्र, म्हणजे दाण्यातून २८ किलो बाहेर गेले. दिले ५२. उरलेल्यातले काही काडात, काही मातीत; बाकीचे हवेत आणि पाण्यात. शिवाय सोयाबीनने ठेवलेले आपण जमेला धरलेच नाही.

पाण्यात म्हणजे कोठे, तर आपल्याच विहिरीत. १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉक्टर कॉमली यांनी दाखवले, की नायट्रेटयुक्त विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिऊन तान्ही मुले निळी पडतात, कारण रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट चालत नाही. महाराष्ट्रातील पुष्कळ विहिरी ही मर्यादा ओलांडतात, हे केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत येते. सगळा दोष खताचा नव्हे. विहिरीशेजारचा गोठा आणि शोषखड्डाही त्यात असतो. पण कोणाचा वाटा किती, हे मोजल्यावाचून कळायचे नाही.

शिक्षकांना हे करता येईल. शाळेजवळच्या विहिरीचे पाणी एकदा वैशाखात आणि एकदा भाद्रपदात तालुक्याच्या प्रयोगशाळेत पाठवा. आसपासच्या चार शेतांत कोणते पीक कशामागून आले, खत कोणत्या तारखेला दिले आणि पाऊस केव्हा पडला, हे मुलांकडून एका वहीत लिहून घ्या. पहिल्या वर्षी त्यातून काही दिसेलच असे नाही. नळ्या घातल्यापासून पहिली बाटली तपासेपर्यंत ब्रॉडबाल्कमध्येही कित्येक वर्षे गेली होती.